जुन्या गाडीचा ब्रेक कमी पडतोय: काय बदलावं आणि काय नुसतं नीट करावं?

उतारवाट

वडिलांची गाडी गेली चार वर्षं मी वापरतो. २७ वर्षं जुनी. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर आहे, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. इंजिन अजून खणखणीत आहे आणि वडिलांचा हात लागलेली गाडी आहे, म्हणून विकायचं मनात येत नाही.

गेल्या रविवारी पुढचा ट्रक अचानक थांबला. मी जीव खाऊन पेडल दाबलं. पाय बराच खाली गेला, गाडी हळू होत गेली, पण थांबता थांबेना. ट्रकच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, ती उठलीसुद्धा नाही. मी मात्र गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून होतो.

आता ब्रेकची ताकद वाढवायचीच, हे ठरलंय. मोठी डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असं किट मिळतं, ते बसवावं का? की नुसते चांगले पॅड आणि स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या) पुरतील? मागेही डिस्क करून घ्यावी का? आमचे मेकॅनिक म्हणतात, "जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो." मला ते पटत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

स्टेपनी

थोडं थांबा, किट मागवू नका. आधी पेडलबद्दल सांगा. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर पेडल वर येतं का? दाबून धरलं तर हळूहळू आणखी खाली सरकतं का? आणि त्या दिवशी चाकं लॉक होऊन टायर घासल्याचा आवाज आला का?

पाऊलखुणा

पेडलखाली मॅट गोळा होत नाही ना, ते आजच बघा. आमच्याकडे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा मॅटच काढून टाकली.

घणघण

गॅरेजमध्ये ३० वर्षं काढली, आता हात थांबलेत, पण "जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो" हे वाक्य अजूनही ऐकवत नाही. ती गाडी नवी होती तेव्हा याच ब्रेकवर थांबत होती ना? आज थांबत नसेल तर मधल्या वर्षांत काहीतरी झिजलंय, अडकलंय नाहीतर कडक झालंय. ते शोधा. बाकीचं नंतर.

मुलगी उठली नाही, हे वाचून मला चर्र झालं. ब्रेक नीट लागला असता तर झोपलेलं पोर पट्ट्यात अडकून दचकून जागं झालं असतं. तुमचा पाय पूर्ण गेला आणि ब्रेक अर्धाच लागला.

स्टेपनींनी विचारलंय ते बरोबर आहे, पेडलवरून निम्मं निदान होतं. पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर ड्रमला आतून टेकणाऱ्या मागच्या लायनरचं अंतर वाढलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. स्पंजासारखं मऊ लागतं, तर हवा किंवा फुगणारा होज. दाबून धरल्यावर हळूहळू बसत जातं आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरची रबरं आतल्या आत तेल सोडताहेत. पेडल दगडासारखं घट्ट आणि तरी गाडी पळतेच आहे, तर बूस्टर तपासा किंवा पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत का ते बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचा ब्रेक काम करत नसतो. लोक नेमका ओढणाऱ्या बाजूचा उघडतात.

बूस्टर घरीच तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते घट्ट होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा पाइपातला एकमार्गी व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी गेलंय.

आणि मागचे ड्रम उघडा. पुढच्या डिस्ककडे सगळे बघतात, मागच्या ड्रमचं झाकण वर्षानुवर्षं कोणी काढत नाही.

तिसरा गिअर

घणघण काकांबद्दल आदर आहे, पण मी थोडं वेगळं सांगतो. माझी गाडी २४ वर्षांची. सगळं नवं टाकलं होतं: पॅड, लायनर, तेल, रबर किट. तरी घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक हरवायचा. शेवटी २४० मिमीच्या डिस्कच्या जागी २६० मिमीची व्हेंटिलेटेड डिस्क आणि मोठा कॅलिपर बसवला. जमीन-अस्मानाचा फरक पडला. तेव्हाच्या गाड्या तेव्हाच्या रहदारीसाठी होत्या. आज आपल्या पुढे एबीएसवाली गाडी असते आणि ती आपल्या आधी थांबते. जुनं होतं तसं करून पुरेल, असं प्रत्येक वेळी नसतं.

कुतूहल

तिसरा गिअर आणि घणघण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत असं वाटतं. एकदाच जोरात थांबायचं, तो एक प्रश्न. पुन्हा पुन्हा थांबत राहायचं किंवा लांब उतार उतरायचा, तो दुसरा.

एकदाच थांबायचं तर शेवटची मर्यादा टायर आणि रस्त्यामधल्या घर्षणाची. ताशी ६० किमी वेग असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.८ मिळाला, तर ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये गाडी थांबते. ०.५ च मिळाला तर २८ मीटर लागतात. चाक लॉक करण्याइतका ब्रेक तुमच्याकडे आधीच असेल तर डिस्क कितीही मोठी करा, हे अंतर कमी होत नाही. डिस्क २४० वरून २६० केली की पॅडची पकड केंद्रापासून साधारण १०० मिमीच्या जागी ११० मिमीवर जाते, म्हणजे तेवढ्याच दाबात १० टक्के जास्त जोर. चांगलंच आहे, पण जमीन-अस्मानाचा फरक यातून येत नाही. तो उष्णतेच्या बाबतीत येतो.

उष्णतेचा हिशेब असा. १००० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली की सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरवली तर जवळपास ४९०० किलोज्यूल. म्हणजे ८० वरून लागोपाठ वीस वेळा थांबण्याइतकं. डिस्कला मध्ये गार व्हायला उसंतच नाही. इथे जाड, हवेशीर डिस्क खरंच कामाला येते.

सावकाश

इथे खालचा गिअरही खरंच कामाला येतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. थोडा जोरात दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

उतारवाट

सगळ्यांचे आभार. मॅट ठीक आहे. बूस्टरची चाचणी केली, पेडल खाली गेलं, म्हणजे तो चालू आहे. पहिल्यांदा पेडल बरंच खोल जातं, लगेच पुन्हा दाबलं की दोन बोटं वर येतं. धरून ठेवलं तर सरकत नाही. टायर घासल्याचा आवाज आला नव्हता. काल मोकळ्या पटांगणात जाऊन मुद्दाम जोरात दाबून पाहिलं, एकही चाक लॉक होत नाही.

स्टेपनी

मग उत्तर जवळ आलंय. पाय पूर्ण दाबूनही चाकं लॉक होत नाहीत, म्हणजे टायरकडे पकड शिल्लक आहे आणि ब्रेक तिथवर पोचत नाहीये. दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं, म्हणजे मागचं सेटिंग ढिलं झालंय, नाहीतर हवा आहे. घणघण म्हणाले तसं ड्रम उघडा.

मोगरा

एक वेगळाच मुद्दा. आई गाडी चालवायची तेव्हा तिचा ब्रेक नेहमी कमी लागायचा, माझा लागायचा. गाडी तीच. तिची सीट एवढी मागे असायची की पेडल पूर्ण दाबताना पाय ताठ व्हायचा, त्यापुढे जोर लावायला काही उरायचंच नाही. सीट दोन खाचा पुढे घेतली आणि तक्रार संपली. पेडल पूर्ण दाबलं तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा.

शिवाय जिवावर बेतलं तरी बहुतेक लोक पूर्ण जोराने दाबतच नाहीत, मध्येच थबकतात. मर्सिडीजने १९९६ साली ब्रेक असिस्ट आणलं ते याचसाठी. पेडल झटक्यात दाबलं गेलं की गाडी उरलेला जोर स्वतः लावते. जुन्या गाडीत ते काम आपल्यालाच करावं लागतं. मी आईला मोकळ्या जागेत पाच-सहा वेळा पूर्ण जोराने ब्रेक मारायला लावलं होतं. पहिल्या दोन वेळा तिला भीती वाटली, नंतर हात-पाय स्थिर झाले.

घणघण

मोगरा, हे शंभर टक्के खरं. गॅरेजमध्ये अशा किती गाड्या आल्या असतील, ज्यांच्यात काहीही बिघाड नव्हता.

साठीतली

माझी गाडी १९६४ ची. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, ब्रेकची लाइन एकच. हा धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मला डिस्क बसवायची नाही, गाडी मूळ रूपातच ठेवायची आहे. त्यात राहून काय करता येईल?

घणघण

साठीतली, तुमच्या गाडीत पुढे दोन्ही लायनर लीडिंग असतील, म्हणजे ड्रमच्या फिरण्यानेच आत ओढले जाऊन स्वतःचा जोर वाढवणारे. नीट बसवले तर हे ब्रेक बूस्टरशिवायही चांगले लागतात. दोन्ही लायनरला वेगळं सेटिंग असतं. एक स्क्रू चाक अडेपर्यंत घट्ट करायचा, मग चाक हाताने जेमतेम फिरेल, कानाला हलकी घसट ऐकू येईल, इतपत मागे घ्यायचा. मग दुसरा. एकच केला आणि दुसरा राहिला, तर अर्धा ब्रेक गेलाच म्हणून समजा. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकतात का, तेही पाहा. लायनरवर खडूच्या रेघा ओढा, ड्रम चढवून फिरवत हलका ब्रेक लावा आणि उघडा. रेघा जिथे पुसल्या गेल्या तेवढाच लायनर काम करतोय. फक्त मधेच पुसल्या असतील तर लायनर घासून ड्रमच्या गोलाईत आणून घ्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गाडी मागे घसरत असेल तेव्हा हेच लायनर उलटे पडतात आणि ब्रेक फार कमी लागतो. चढावर हँडब्रेकवर विसंबा. आणि ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो, पेडल लांबतं.

एकच लाइन असेल तर माझा आग्रह आहे, मूळ रूपाचा हट्ट तेवढ्यापुरता सोडा आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या. आज एक होज फुटला तर तुमचे चारही ब्रेक एकदम जातील. दोन सर्किटमध्ये निदान अर्धे राहतात.

अजून एक, हे सगळ्यांसाठीच. इतक्या जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही, फुंकायचं तर मुळीच नाही. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसायचं. आम्ही तरुणपणी रोज फुंकर मारायचो. माझ्याबरोबरच्या मुलांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो.

साठीतली

काका, मनापासून आभार. दोन सर्किटचं नक्की करते. खडूची युक्ती या आठवड्यातच.

कुतूहल

थोडं अवांतर, पण राहवत नाही. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ड्यूझनबर्ग १९२१ मध्ये आली. डिस्कचं पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ सालीच घेतलं होतं, पण लोकांच्या लक्षात डिस्क राहिली ती १९५३ ला, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. बॉशचं एबीएस १९७८ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. साठीतली यांची गाडी बरोबर संक्रमणाच्या काळातली आहे, म्हणून ती जपली जातेय याचा आनंद वाटला.

निळा पाना

तेलाबद्दल कोणीच बोललं नाही? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३, डॉट ४ या त्याच्या प्रती. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. तेल उकळलं की लाइनमध्ये वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फळीला टेकतं. तिसरा गिअर, तुमचा ब्रेक घाटात हरवायचा तेव्हा पेडल मऊ व्हायचं की घट्ट राहायचं? मऊ व्हायचं तर दोष तेलाचा. घट्ट राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापून पकड सोडायचे.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. आणि ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल कधीही नाही. एका ठिकाणी माझ्या गाडीत कोणीतरी चुकून ते ओतलं होतं. चार दिवसांत टाकीच्या झाकणाचं रबर फुगून लाटांसारखं झालं. मास्टर, कॅलिपर, ड्रममधले लायनर ढकलणारे व्हील सिलिंडर, होज, रबर म्हणून जे जे होतं ते सगळं बदलावं लागलं.

तिसरा गिअर

निळा पाना, प्रामाणिकपणे सांगायचं तर पेडल घट्टच राहायचं. म्हणजे पॅड. तेव्हा नवे पॅड टाकले होते, पण साधेच. पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं असतात हे नंतर कळलं.

स्टेपनी

ती अक्षरं इथे लिहायला हवीत. ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ईई च्या जागी एफएफ घातले तर पायाला लगेच जाणवतं. शर्यतीचे पॅड मात्र रोजच्या गाडीत घालू नका. ते तापल्याशिवाय पकडतच नाहीत, आणि सकाळी पहिल्याच वळणावर तुम्हाला गार ब्रेकच लागणार असतो.

उतारवाट

काल सुट्टी होती. भाऊ आणि मी सकाळपासून गाडी स्टँडवर चढवून बसलो. जे दिसलं ते लिहितो.

मागच्या दोन्ही ड्रमची आपोआप सेट होणारी दातेरी चक्रं गंजून जाम. पान्यानेही हलेनात. उजवीकडचा व्हील सिलिंडर पाझरत होता, रबराची टोपी बाजूला केल्यावर आतून तेल आलं. लायनरच्या खालच्या भागात धूळ आणि तेलाचा काळा चिखल. म्हणजे मागचे ब्रेक जवळपास नव्हतेच.

पुढे डावीकडच्या कॅलिपरची खालची पिन अडकलेली. हाताने हलेना, पकडीने पिळत पिळत अर्ध्या तासाने बाहेर आली, तर तिच्यावर जुन्या ग्रीसचा खवल्यासारखा थर. त्या बाजूचा आतला पॅड २ मिमी उरलेला, बाहेरचा ८ मिमी. बाहेरच्याने काम केलंच नव्हतं. डिस्कची जाडी मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे.

तेल काचेच्या बाटलीत घेतलं, गंजाच्या पाण्यासारखं तपकिरी. होजना भेगा.

भावाने एकच वाक्य म्हटलं, "आपण इतके दिवस दीड चाकावर थांबत होतो." वडील नियमित सर्व्हिसिंग करायचे, मी नेतो म्हणत राहिलो आणि इंजिनाच्या तेलापलीकडे गेलोच नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं.

घणघण

वाईट वाटून घेऊ नका. उघडून पाहिलंत, हे फार थोडे करतात. आता सांगतो ते नीट करा. लायनर दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचे नाही. तेल प्यायलेला लायनर धुऊन वापरायचा नाही. व्हील सिलिंडरही दोन्ही नवे. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, साधं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन पुन्हा अडकेल. होज चारही नवे. जाळीचे घेतले तर पेडल थोडं घट्ट होईल, रबराचे नवे घेतले तरी बिघडत नाही. तेल अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

हवा काढताना एक जपा. मास्टर सिलिंडर २७ वर्षांचा आहे. रोज तो अर्ध्यापर्यंतच चालतो, पुढच्या भागात आत गंज धरलेला असतो. हवा काढायला पेडल फळीपर्यंत दाबलं की रबर त्या खरखरीत भागावर जाऊन फाटतं, आणि काल चांगला असलेला मास्टर आज जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. निपलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, नळीचं टोक तेलात बुडवलेलं. एकाने "दाब" म्हणायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच "सोड". उलटा क्रम झाला की हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही.

भिरभिरा

"दाब… सोड… अरे सोड म्हटलं नाही अजून!" घरोघरी हाच संवाद. माझं आणि बायकोचं याच कामावरून एकदा वाजलं होतं, आता ती निपलला बसते आणि मी पेडलवर. काम निम्म्या वेळात होतं.

उतारवाट

सगळं बदललं. लायनर, व्हील सिलिंडर, दातेरी चक्रं, पिना, होज, एफएफचे पॅड, डॉट ४. नवे पॅड बसण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा वेग उतरवला, मध्ये पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक न वापरता बराच वेळ गाडी चालवून गार होऊ दिलं.

मोजमाप सुरुवातीलाच केलं होतं, ते इथे लिहायचं राहिलं. त्या पटांगणात दोन बाटल्या उभ्या करून तिथे ब्रेक दाबायचा आणि टेपने मोजायचं, वेग ताशी ५०, फोनच्या जीपीएसवर बघून, कारण गाडीचा काटा जास्त दाखवतो. काम करण्याआधी तीन वेळांची सरासरी २२ मीटर. आता १६. पेडल वरच्या वर लागतं. आणि आता चाकं लॉक होतात!

स्टेपनी

वा! आता टायरची पाळी. टायरच्या बाजूवर DOT असा शिक्का असतो (याचा तेलाच्या डॉटशी संबंध नाही), त्यानंतरच्या आकड्यांत शेवटचे चार बघा. आणि लॉक होताना पुढची आधी होतात की मागची?

उतारवाट

पुढची. भाऊ बाजूला उभा राहून बघत होता. टायरवर आकडा ३१११ आहे. नक्षी अजून खोल आहे.

कुतूहल

३१११ म्हणजे २०११ चा ३१ वा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर कडक झालेलं असणार. नखाने दाबून बघा. ते टायर आता तुमची मर्यादा आहेत. पुढची आधी लॉक होतात हे योग्यच आहे. मागची आधी झाली तर गाडी गरकन फिरते. म्हणूनच मागे डिस्क करायची घाई नको. मागचा जोर वाढला आणि समतोल बिघडला तर ओल्या रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागते.

तिसरा गिअर

हे मला मान्य आहे. मोठा कॅलिपर लावल्यावर माझं पेडल लांबलं होतं, त्याला जास्त तेल लागतं म्हणून. मग मोठ्या व्यासाचा मास्टर लावला, तर पेडल कडक झालं. एक बदललं की दुसरं हलतं. तो समतोल जमवायला माझे दोन महिने गेले. तरी ज्यांचा रोजचा रस्ता घाटाचा आहे त्यांनी मोठी डिस्क करावी, या मतावर मी ठाम आहे. उतारवाट, तुमचा घाट वर्षातून एकदा असेल तर आहे त्यावर सोडा.

उतारवाट

नवे चार टायर टाकले. त्याच बाटल्या, तोच वेग. सरासरी साडेतेरा मीटर. लॉक होण्याच्या अगदी अलीकडे पेडल धरून ठेवायचा सराव केला, त्यामुळेही फरक पडला असेल. किट मागवत नाहीये.

एक गोष्ट राहिली. शेवटच्या खेपेला मागच्या सीटवर मुलीची शाळेची बॅग ठेवली होती. ती उडून पुढच्या दोन सीटच्या मध्ये येऊन पडली.

घणघण

मागचे पट्टेही २७ वर्षांचेच ना? पट्टा हाताने झटक्यात ओढून बघा, अडकतो का.

उतारवाट

आत्ताच जाऊन पाहिलं. उजवीकडचा अडकतो. डावीकडचा नाही, कितीही जोरात ओढला तरी सरळ बाहेर येतो. ती नेहमी डावीकडेच झोपते. तो काढायला घेतलाय, नवा येईपर्यंत ती उजवीकडे बसेल.